शब्द उरले, अर्थ निसटला : 'रिडली वॉकर' या कादंबरीचा अभ्यास

समजा, एका अणुयुद्धात आजची सर्व शहरे नष्ट झाली. शाळा, ग्रंथालये, छापखाने, प्रयोगशाळा यांतले काहीच शिल्लक राहिले नाही. थोडी माणसे मात्र जगली. त्यांना मुले झाली, त्या मुलांना मुले झाली, आणि अशी दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली. त्या वेळची माणसे कोणती भाषा बोलत असतील? 'अणू' हा शब्द त्यांच्या कानावर आलाच, तर ती त्याचा काय अर्थ लावतील?

हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांचा आहे, तसाच विज्ञान शिकवणाऱ्यांचाही आहे. रसेल होबन (१९२५–२०११) या लेखकाने तो 'रिडली वॉकर' या इंग्रजी कादंबरीत हाताळला आहे. ही कादंबरी १९८० साली प्रसिद्ध झाली. १९८२ मध्ये तिला विज्ञानकथेसाठी दिला जाणारा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल स्मृती पुरस्कार मिळाला. तिचे वेगळेपण असे, की सबंध कादंबरी लेखकाने स्वतः घडवलेल्या बोलीत लिहिलेली आहे. ती आपण का वाचावी, तिच्यात काय पटण्यासारखे आहे आणि कोठे सावध राहिले पाहिजे, हे या लेखात पाहू.

कथा थोडक्यात

होबन मूळचे अमेरिकेतले. १९६९ पासून ते लंडनला राहत. १४ मार्च १९७४ रोजी त्यांनी इंग्लंडच्या केंट परगण्यातील कँटरबरीचे मोठे चर्च पाहिले. तेथे संत युस्टेसच्या आख्यायिकेवरचे पंधराव्या शतकातील एक भित्तिचित्र आहे. त्याची नव्याने केलेली प्रतिकृती पाहताना त्यांना या कादंबरीची कल्पना सुचली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी लेखन सुरू केले आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये ते संपवले. आधी ते नेहमीच्या इंग्रजीत लिहीत होते, पण लिहिता लिहिता भाषा बदलत गेली. साधारण सव्वादोनशे पानांच्या पुस्तकाला साडेपाच वर्षे लागली.

गोष्ट केंटमध्येच घडते. माणसे शिकार करतात, थोडीफार शेती करतात, जंगली कुत्र्यांना भिऊन कुंपणाच्या आत राहतात. चिखलात गाडली गेलेली जुनी लोखंडी यंत्रे उकरून काढणे हे त्यांचे कष्टाचे काम. असेच एक यंत्र उचलताना रिडलीचा बाप चिरडून मरतो. रिडली तेव्हा बारा वर्षांचा आहे, आणि त्या समाजात बारा वर्षांचा मुलगा म्हणजे कर्ता पुरुष. त्याला लिहितावाचता येते, ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट. आपली हकिकत तो स्वतःच लिहितो आहे.

सरकार म्हणून जे काही उरले आहे, ते गावोगाव बाहुल्यांचा खेळ घेऊन फिरते. खेळात 'युसा' नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली जाते. युसाने एका लहानशा चमकत्या माणसाला दोन्ही हातांनी ओढून मधोमध फाडले आणि त्यातून जगाचा नाश झाला. या चमकत्या माणसाचे नाव 'ॲडम'. त्या एका नावात बायबलमधला पहिला मनुष्य आहे आणि 'ॲटम' म्हणजे अणूही आहे. अणुविखंडनाची आठवण अशी कथारूपाने उरली आहे. घटना कळते, पण ती कशी घडली हे कोणालाच ठाऊक नाही.

बोली घडवण्याची रीत

रिडलीची भाषा प्रथम डोळ्यांना खुपते. शब्द जसे उच्चारले जातात तसे लिहिलेले आहेत, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. परंतु दहा-पंधरा पाने झाली की लक्षात येते, हा गोंधळ नाही, याला नियम आहेत. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा नियम असा : जो शब्द समजेनासा होतो, त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याच्या जागी ओळखीचा शब्द येऊन बसतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना यातली काही उदाहरणे फार आवडतील. 'मोलेक्यूल' म्हणजे रेणू. त्याचे 'मेनी कूल्स' झाले आहे. 'पार्टिकल' म्हणजे कण; त्याचे 'पार्टी कूल्स' झाले आहे. 'गॅलक्सीज' म्हणजे दीर्घिका. त्यांचे 'गॅलक सीज' होऊन त्यात 'सी' म्हणजे समुद्र शिरला आहे. संगणकातून कागदावर निघणारा 'प्रिंटआउट' हा 'निष्कर्ष काढणे' या अर्थाचे क्रियापद बनला आहे. संगणक गेला, त्याचा कागद गेला, पण 'शेवटी जे हाती येते ते' हा अर्थ टिकला.

गावांच्या नावांचेही तेच. 'डोव्हर' या बंदराचे 'डू इट ओव्हर', म्हणजे 'पुन्हा कर'. 'सँडविच'चे 'सॅम्स इच', म्हणजे 'सॅमची खाज'. नाव उरते, पण ते का पडले हे विसरले जाते, आणि माणसाला अर्थहीन नाव सहन होत नाही म्हणून तो नवा अर्थ शोधतो. याला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात.

ही काही भविष्यातली गोष्ट नाही. इंग्रजी 'लँटर्न'चे 'लालटेन' झाले आणि त्यात 'लाल' शिरला. 'रिक्रूट'चे 'रंगरूट' झाले आणि त्यात 'रंग' आला. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावर, विसरवाडी नावाचे गाव आहे. एसटीच्या पाटीवर हे नाव वाचणारा परगावचा मराठी माणूस क्षणात त्याचे 'विसर' आणि 'वाडी' असे दोन तुकडे करील, आणि कोण काय विसरले याची गोष्टही रचील. गोष्ट सुरेख असेल, पण ती पुरावा नव्हे. नावाचा उगम शोधायचा तर महसुली दप्तरातले जुने उल्लेख पाहावे लागतात, आसपासच्या वृद्धांचा घरगुती उच्चार ऐकावा लागतो, त्याच ठेवणीची शेजारची नावे ताडून पाहावी लागतात. पटणारी गोष्ट आणि तपासलेली गोष्ट यांतला हा फरक रिडलीच्या जगात कोणी करीत नाही. कादंबरीतली शोकांतिका तेथे आहे.

शुद्ध भाषेतला उतारा

सबंध कादंबरीत आजच्या प्रमाण इंग्रजीतला एकच मजकूर आहे. तो म्हणजे संत युस्टेसच्या चित्राची माहिती देणारा कागद. तो हजारो वर्षे कसाबसा टिकून राज्यकर्त्यांच्या हाती आला आहे. गुडपार्ली नावाचा प्रमुख तो रिडलीला उलगडून सांगतो, आणि हे पुस्तकातले सर्वांत विनोदी व सर्वांत भयानक प्रकरण आहे.

मूळ कागदात 'सेंट' या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. गुडपार्ली ते 'पाठवलेला' या अर्थाचे समजतो. म्हणजे हा युस्टेस आपणहून आला नाही, त्याला कोणीतरी पाठवले. 'आख्यायिका' या अर्थाचा शब्द म्हणजे त्याच्या मते भिंतीवरचे चित्र. चित्रकाराच्या निष्ठेबद्दल आलेला 'फिडेलिटी' हा शब्द त्याला एका रंगाचे नाव वाटतो. असे करत करत एका धार्मिक चित्राच्या वर्णनातून तो चक्क रसायनाची कृती काढू पाहतो. स्फोट घडवणारे मिश्रण त्याला हवे आहे.

मराठीत याची कल्पना सहज करता येईल. दोन हजार वर्षांनी कोणाला आपले एखादे जुने पत्र सापडले. शेवटी 'ता. क.' असे लिहून दोन ओळी जोडलेल्या आहेत. वाचणारा निष्कर्ष काढील, की पूर्वीचे लोक पत्र लिहून झाल्यावर ताक पीत आणि मग उरलेले लिहीत. त्याच्याजवळ अक्षर आहे, शब्द आहे, तर्कही आहे. नाही ते एवढेच, की आपला तर्क चुकला असेल तर ते कशावरून कळेल, हा प्रश्न.

येथे होबन यांनी फार सूक्ष्म गोष्ट साधली आहे. कादंबरीतला 'शुद्ध' मजकूर हाच सर्वांत मोठ्या गैरसमजाला कारण होतो. आणि पुस्तकातला सर्वांत नितळ विचार रिडली करतो, तो 'अशुद्ध' बोलीत. आपल्याला काय ठाऊक आहे, काय नाही, सत्ता कशाला हवी असते, याचा विचार करत तो शेवटी सत्तेचा मोह टाकून स्वतःचा वेगळा बाहुल्यांचा खेळ घेऊन निघतो. या विचारासाठी त्याला व्याकरणाचे पुस्तक लागत नाही.

हे शास्त्राला धरून आहे का?

आता थोडी तपासणी करू. दोन हजारांहून अधिक वर्षांत इंग्रजी एवढीच बदलेल काय?

१९५० च्या सुमारास मॉरिस स्वदेश या भाषाशास्त्रज्ञाने एक पद्धत मांडली. 'मी', 'दोन', 'पाणी', 'डोळा', 'मरणे' असे रोजचे शंभर मूलभूत शब्द घ्यायचे. त्याच्या अंदाजाने हजार वर्षांत यांपैकी सुमारे ८६ शब्द टिकतात आणि १४ च्या जागी दुसरे येतात. हाच वेग दुसऱ्या हजार वर्षांना लावला तर ८६ चे ८६ टक्के, म्हणजे सुमारे ७४ शब्द उरतात. नुकत्याच पुढे आलेल्या कार्बन-१४ कालमापनाशी या पद्धतीचे साम्य उघड आहे. पण किरणोत्सारी क्षयाचा वेग ठरलेला असतो. उष्णता, दाब किंवा राजकारण यांनी तो बदलत नाही. भाषेचे तसे नाही. १९६२ मध्ये बर्गस्लान आणि फोग्ट या अभ्यासकांनी आइसलँडच्या भाषेसारखी उदाहरणे देऊन दाखवले, की भाषा बदलण्याचा वेग एकसारखा नसतो. म्हणून हे आकडे घड्याळासारखे वापरता येत नाहीत, ढोबळ कल्पना देण्यापुरतेच घ्यावेत.

शिवाय शब्द टिकला तरी उच्चार आणि व्याकरण बदलतात. ज्ञानेश्वरी इ.स. १२९० मधली. सातशेहून थोडी अधिक वर्षे झाली, तेवढ्यात आपल्याला टीप घेऊन वाचावी लागते. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रजी आजच्या इंग्रजी वाचकाला परक्या भाषेसारखे शिकावे लागते. हा हिशेब पाहता रिडलीची भाषा फारच ओळखीची आहे. ती खरोखर दोन हजार वर्षांनंतरची असती तर आपल्याला एक ओळही कळली नसती. ही सवलत लेखकाने वाचकासाठी घेतली आहे आणि ती क्षम्य आहे.

किरणोत्साराचा हिशेबही करून पाहावा. युद्धानंतर पसरणाऱ्या सीझियम-१३७ चा अर्धायुष्यकाल सुमारे ३० वर्षे आहे. दोन हजार वर्षांत असे ६६ हून अधिक अर्धायुष्यकाल उलटतात, म्हणजे सीझियम व्यवहारतः संपलेले असेल. प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुष्यकाल मात्र सुमारे २४,१०० वर्षे. दोन हजार वर्षांनंतरही त्याचा सुमारे ९४ टक्के भाग तसाच उरेल. शब्द झिजतील, अर्थ बदलतील आणि धोका मात्र जवळजवळ तेवढाच राहील.

ही केवळ कादंबरीकाराची चिंता नव्हती. अणुकचरा पुरलेल्या जागी दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला 'येथे खणू नका' हे कसे सांगायचे, याचा विचार अमेरिकेत सरकारी पातळीवर झाला. १९८४ साली टॉमस सेबिओक या चिन्हशास्त्राच्या अभ्यासकाने त्यावर अहवाल लिहिला. कोणतीही एक भाषा वा चिन्ह इतका काळ पुरणार नाही, म्हणून संदेश दर काही पिढ्यांनी नव्याने लिहावा, असे त्याने सुचवले. जोडीला एक 'अणुपुरोहितवर्ग' असावा, त्याने विधी आणि दंतकथा यांच्या आधारे लोकांना त्या जागेपासून दूर ठेवावे, असेही सुचवले. 'रिडली वॉकर' या अहवालाच्या चार वर्षे आधीची आहे, आणि तिच्यात याच योजनेचे परीक्षण वाचायला मिळते. युसाचा खेळ करत फिरणारे राज्यकर्ते म्हणजे असा पुरोहितवर्गच. त्यांनी गोष्ट जपली, पण आता त्यांना तिच्यातून सावधगिरी नको आहे, शस्त्र हवे आहे.

ज्ञान कशात टिकते?

गुडपार्लीला त्या कागदातून स्फोटक मिळत नाही. ते मिळते कोळसा पाडणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून. कोळसा आणि सोरा त्यांच्यापाशी आहेत, गंधक समुद्रापलीकडून येते, आणि मिसळण्याचे प्रमाण या म्हाताऱ्याच्या हातात आहे. दारू तयार होते, तिचा स्फोट होतो आणि त्यात तो म्हातारा व गुडपार्ली दोघेही मरतात. कागदात ज्ञान नव्हते, कारागिराच्या हातात होते. परंतु 'कसे' हे त्याला ठाऊक होते, 'का' हे कोणीच विचारले नव्हते.

आपल्याकडे ज्ञान जपण्याचे दोन मार्ग माहीत आहेत. वेदपाठकांनी पद, क्रम, घन असे पाठ बसवले. तेच शब्द उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हटल्यामुळे कोठे चूक झाली तर लगेच लक्षात येते. आजच्या संगणकात संदेशातील चुका शोधण्यासाठी जादा अंक घालतात, त्यासारखीच ही युक्ती आहे. तिने ध्वनी विलक्षण काटेकोरपणे टिकला. पण अर्थ? यास्काच्या 'निरुक्ता'त कौत्साचे मत नोंदलेले आहे, की मंत्रांना अर्थच नाही. म्हणजे इतक्या प्राचीन काळीच वाद सुरू झाला होता. दुसरा मार्ग एकनाथांचा. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलाकारांच्या चुका शिरल्या होत्या. १५८४ मध्ये एकनाथांनी पाठ ताडून शुद्ध प्रत तयार केली. मिळालेले जसेच्या तसे पुढे न देता ते तपासले. विज्ञानाची परंपरा या दुसऱ्या मार्गाला अधिक जवळची आहे.

शब्द तोच राहून अर्थ बदलणे हे तर कोणत्याही प्रलयाशिवाय घडते. 'रेणू' म्हणजे मुळात धुळीचा कण. तुकारामांच्या काळी 'अणुरेणू' म्हणजे अतिशय सूक्ष्म असे काहीतरी. आज आठवीच्या मुलाला 'रेणू' म्हणजे ठरावीक अणूंची ठरावीक बांधणी असे आपण सांगतो. हा अर्थ शब्दात नाही, तो प्रयोगांच्या साखळीत आहे. ती साखळी वर्गात उभी केली नाही, तर व्याख्या पाठ करणारा विद्यार्थी आणि गुडपार्ली यांच्यात फार अंतर राहत नाही.

विसरवाडीच्या वर्गातून पाहिले तर

कादंबरीत एक अडचण आहे, आणि आपल्या शिक्षकांनी ती नीट पाहिली पाहिजे. होबन यांनी ज्ञानाचा ऱ्हास दाखवण्यासाठी भाषेचा 'ऱ्हास' वापरला. ही बोली रचताना त्यांनी साध्या, अशिक्षित इंग्रज माणसांच्या बोलण्याचा ठसा घेतला. त्यामुळे वाचकाच्या मनात नकळत समीकरण तयार होते : ज्याची भाषा प्रमाण नाही, त्याचे ज्ञानही मोडके. पुस्तक नीट वाचले तर रिडलीचे विचारच हे समीकरण खोडतात, हे आपण वर पाहिले. पण पहिला ठसा खोल असतो.

विसरवाडीच्या परिसरात घराघरांत मावची, गावित अशा बोली आहेत. बाजारात अहिराणी आणि गुजराती कानावर पडते. याच तालुक्यातले नवापूर रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. शाळेतले पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. येथील मुलाच्या वहीत पुस्तकापेक्षा वेगळे रूप दिसले की लाल शाई चालते, आणि पुष्कळदा 'याला विषयच समजला नाही' असा शेराही मनात उमटतो. लेखनातली चूक सुधारली पाहिजे हे खरे, पण ही दोन निदाने वेगळी आहेत.

एक उदाहरण घेऊ. भिली गटातील अनेक बोलींत 'स'च्या जागी 'ह' येतो. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा भिली भाषांविषयीचा खंड १९०७ साली प्रसिद्ध झाला, त्यात याची नोंद आहे. सुरतेकडच्या बोलीतही 'साचुं'चे 'हाचुं' होते. आपण याला गावंढळ उच्चार म्हणतो. परंतु प्राचीन इराणी भाषेत हेच घडले : 'सप्त'चे 'हप्त' झाले. त्यावरून फारसीत आठवड्याला 'हफ्ता' म्हणू लागले आणि आपण 'हप्ता' भरू लागलो. ग्रीक भाषेतही शब्दाच्या आरंभीच्या 'स'चा 'ह' झाला. लॅटिन 'सेप्टेम', ग्रीक 'हेप्टा'. लॅटिन 'सेमी', ग्रीक 'हेमी', संस्कृत 'सामि'. तिन्हींचा अर्थ अर्धा. सूर्याला लॅटिनमध्ये 'सोल', ग्रीकमध्ये 'हेलिओस'. सूर्याच्या वर्णपटात सापडलेल्या मूलद्रव्याचे 'हेलियम' हे नाव या 'ह'चेच. रसायनशास्त्रातले 'हेप्टेन' आणि भूगोलातला 'हेमिस्फिअर' हेही त्याच घराण्यातले.

म्हणजे 'स'चा 'ह' करणारे मूल भाषा मोडत नाही, एक नियम पाळते. तो नियम ग्रीकांनी पाळला तेव्हा त्याची परिभाषा झाली.

यातूनच भाषांतराचा प्रश्नही निघतो. 'रिडली वॉकर' मराठीत आणायची तर कोणत्या मराठीत? अहिराणी, मावची किंवा वऱ्हाडी घेऊन 'ही बघा प्रलयानंतरची भाषा' असे करणे सोपे, पण सर्वस्वी चुकीचे होईल. या जिवंत बोली आहेत, पडझड नव्हे. वाहरू सोनवणे यांच्यासारखे कवी याच जिल्ह्यातून भिलीत लिहीत आले आहेत. मोडायची झाली तर आपली पुस्तकी, परिभाषेने जड झालेली मराठीच मोडावी लागेल. तिचेच शब्द अर्थ हरवून पोकळ होण्याचा धोका जास्त आहे, कारण ते रोजच्या बोलण्यात रुजलेले नाहीत.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या मुलांबरोबर दोन उपक्रम करता येतील.

पहिला : विज्ञानाच्या पुस्तकातले पाच-सहा शब्द घ्या आणि ते 'दोन हजार वर्षे जुने' करा. नियम दोनच. जोडाक्षर फुटते, आणि न कळणारा तुकडा ओळखीच्या शब्दात बदलतो. 'अणुभट्टी'ची 'अन्नभट्टी' होईल. मग गोष्ट तयार होईल, की पूर्वी एक मोठी भट्टी होती, सर्वांना अन्न पुरवी, एक दिवस ती रागावली. 'गुरुत्वाकर्षण'चे 'गुरूचे आकर्षण' होईल. सर्व वस्तू गुरूकडे ओढल्या जातात असा धर्म निघेल. मुले हसतील, हसू द्या. नंतर एका गटाची गोष्ट दुसऱ्या गटाला द्या आणि विचारा : ही खोटी आहे हे ठरवायला तुम्ही काय पाहाल, काय मोजाल? भट्टीच्या जागी धान्याचे अवशेष सापडतात का? जिथे गुरू नाही तिथे दगड खाली पडतो का? उपक्रमातला खरा विज्ञानाचा भाग हा आहे, त्याला निम्मा तास तरी ठेवा.

दुसरा : मुलांना घरच्या बोलीतले तीस शब्द आणायला सांगा. शेजारी प्रमाण मराठीतला शब्द लिहा. 'स' आणि 'ह' यांची जोडी कोठे दिसते, कोठे दिसत नाही? शब्दाच्या आरंभी आणि मध्ये फरक पडतो का? अपवाद कोणते? अपवादांत बाहेरून आलेले शब्द किती? निरीक्षण, नोंद, नियम, अपवाद अशी सगळी शास्त्रीय पद्धत येथे एका तक्त्यात बसते, खर्च काही नाही, आणि या प्रयोगात माहितगार कोण, तर ज्याची वही आपण लाल करतो तो विद्यार्थी.

कादंबरी मूळ इंग्रजीतच वाचायची असेल, तर १९९८ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेली वाढीव आवृत्ती मिळवावी. तीत लेखकाची टिपणे आणि शब्दसूची आहे. पहिली काही पाने डोळ्यांनी न वाचता मोठ्याने वाचावीत. कागदावर अनोळखी वाटणारा शब्द कानाला पुष्कळदा ओळखीचा निघतो. एवढा धीर आपण रिडलीसाठी धरतो. तो आपल्या वर्गातल्या वहीसाठीही धरता येईल : शेरा मारण्यापूर्वी ते वाक्य एकदा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि मग विषय समजला की नाही ते ठरवावे.